केटरहॅम सेव्हन घरच्या गॅरेजमध्ये कशी जोडायची

१९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने सेव्हन ही हलकी, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार विकायला काढली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून सेव्हन खोक्यांत, म्हणजे किट म्हणून, विकली जाई. पण सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर ते सुटे भाग मानले जाणार नाहीत, अशी करखात्याची मेख होती. त्यावर लोटसने गाडी खोलायची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती शेवटून वाचायची, असा किस्सा सेव्हनवाले आजही रंगवून सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला, किटवरची करसवलत संपली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क ग्रॅहम नर्न यांच्या केटरहॅम कंपनीकडे गेले. पैसे वाचवायला किट घ्यायचं कारण गेलं, तरी घरी जोडणारे कमी झाले नाहीत.

शेवटून वाचायची ती सवय मात्र उचलण्यासारखी आहे. सेव्हनमध्ये इंजिन तयार येतं, चॅसी वेल्ड होऊन येते, ॲल्युमिनियमचे पत्रे चढवलेले असतात, वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्याही बहुतेक जागेवर असतात. तुमच्या हाती उरतो तो क्रम. कुठला बोल्ट नंतर कशाच्या आड जाणार, कुठे हात पोचायचा बंद होणार, हे आधी ओळखलं तर काम सोपं. नाही ओळखलं तर एका वॉशरसाठी अर्धी गाडी पुन्हा उघडावी लागते. कारखाना साधारण ८० ते १०० तासांचा अंदाज देतो. हाताला सवय नसेल तर यात बरीच भर धरा.

कोणती सेव्हन?

वेगाचा हव्यास असेल तर ४२०. दोन लिटरचं फोर्ड ड्युराटेक इंजिन, २१० अश्वशक्ती आणि गाडीचं वजन ५६० किलोच्या आसपास. शून्य ते ताशी ६० मैल ३.८ सेकंदांत. याच्या वर सुपरचार्जरवाली ६२० आहे, ३१० अश्वशक्तीची. पहिल्यांदा जोडणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. जोडायला ती अवघड आहे म्हणून नव्हे. पण आपण स्वतः कसलेल्या नटांवर विश्वास बसायला काही महिने लागतात, आणि त्या काळात पायाखाली एवढी ताकद नको. दुसऱ्या टोकाला १७० आहे. सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ८४ अश्वशक्ती, वजन जेमतेम ४४० किलो. तिचा मागचा ॲक्सल सरळ अखंड आहे, त्यामुळे जोडणीही थोडी सोपी.

पुढचं सगळं ४२० धरून लिहिलं आहे.

चॅसी दोन मापांत मिळते. अरुंद ती एस-थ्री, रुंद ती एसव्ही. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसाने एस-थ्रीमध्ये बसून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. पेडलपाशी जागा इतकी कमी असते की रुंद तळव्याचे बूट घातले तर एका पायाने दोन पेडल दाबली जातात.

महाराष्ट्रातून कुणी असा विचार करत असेल तर आधी कायदा बघा. आपल्याकडे नव्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-तपासणी संस्थेची मान्यता लागते, आणि ती उत्पादकासाठी आखलेली आहे. घरी जोडलेल्या एकट्या गाडीला ब्रिटनसारखी वेगळी वाट नाही. जुन्या गाडीचा सांगाडा बदलून नेऊ म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे लावलं. उरतो तो फक्त ट्रॅक, उदाहरणार्थ कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा मद्रास सर्किट. बाकी कौशल्य म्हणाल तर पुण्या-नाशिकच्या ज्या पोरांनी कॉलेजात बाहा एसएईइंडिया या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धेसाठी गाडी बांधली आहे, त्यांना सेव्हनची चॅसी बघून काही नवं वाटणार नाही.

जागा आणि हत्यारं

एका गाडीचं गॅरेज पुरतं, पण रिकामं हवं. चॅसीभोवती चहूबाजूंनी माणूस वाकू शकेल इतकी जागा ठेवा, आणि पत्रे, वाइंग (मडगार्ड), सीट, नोजकोन (गाडीचं निमुळतं नाक) हे सगळं घरात दुसरीकडे न्या. घरच्यांची परवानगी याच टप्प्यावर घ्यावी, कारण एक्झॉस्ट बाहेरच्या खोलीत सोफ्यामागे महिनाभर राहतो.

चार मजबूत ॲक्सल स्टँड, ट्रॉली जॅक, दोन टॉर्क रेंच (एक लहान मापांचा, एक मोठ्या), ॲलन की, सर्क्लिपचे चिमटे, रिव्हेट गन, पाणसळ. इंजिन क्रेन आणि तिचा लेव्हलर भाड्याने मिळतो, विकत घेऊ नका. पाने मात्र मेट्रिक आणि इंची दोन्ही लागतात. सेव्हनमध्ये एम-८ बोल्टच्या शेजारी यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचा बोल्ट सुखाने नांदतो. दोन्ही मापं दिसायला जवळजवळ सारखी असतात आणि चुकीचा नट दीड फेरा नीट चढतोसुद्धा. मग अडकतो, आणि जोर लावला की आटे मेले. नट हाताने किमान तीन फेरे सहज फिरला नाही तर पाना लावायचाच नाही, हा नियम गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा.

टॉर्कबद्दल एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुस्तिकेतले आकडे सहसा कोरड्या आट्यांसाठी असतात. आट्यांना तेल किंवा कॉपर ग्रीस लावलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. कुठे ग्रीस, कुठे थ्रेडलॉक, कुठे काहीच नाही, हे पुस्तिका सांगते तसंच करा. बोल्ट शेवटचा कसून झाला की त्यावर रंगाच्या पेनाची रेघ ओढा. रेघ नसलेला बोल्ट म्हणजे अजून फक्त हाताने लावलेला. दोन आठवड्यांनी गॅरेजात परत आलात की स्मरणशक्तीपेक्षा ही रेघ भरवशाची.

खोकी आली की लगेच जोडायला घेऊ नका. प्रत्येक खोक्यातली यादी भागांशी ताडून पाहा, राहिलेलं कंपनीला लगेच कळवा. काही भाग मागाहून येतात, आणि नेमके तेच आधी लागणारे असू शकतात. प्रत्येक पावती आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो पहिल्या दिवसापासून जपा. गाडी तुम्ही स्वतः जोडली हे सरकारला दाखवायचं असतं.

पुढची बाजू

चॅसी स्टँडवर चढवून पाणसळीने सपाट करा. पत्र्यांवर, विशेषतः सस्पेन्शनच्या भोकांभोवती, जाड टेपचे दोन-तीन थर द्या. लांब बोल्ट सरकवताना पान्याचा एक ओरखडा रंगावर कायमचा राहतो.

आधी स्टीअरिंग रॅक, मग अँटिरोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी), खालचे-वरचे विशबोन (चाक चॅसीला जोडणारे दुफाटी दांडे), शॉक ॲब्सॉर्बर आणि शेवटी अपराइट, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग. रॅकचा मध्य डोळ्याने धरू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून निम्म्यावर आणा आणि तिथे खूण करा. पुढे स्टीअरिंगचं चाक सरळ बसवताना हीच खूण कामी येते.

इथे एक मोठा सापळा आहे. विशबोनच्या ज्या टोकांना रबराचे बुश असतात, ते बोल्ट गाडी स्टँडवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. बुशचं रबर दोन्ही बाजूंनी पकडलेलं असतं. चाकं लोंबकळत असताना ते कसलं, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. ते लवकर फाटतं आणि उंचीही चुकीची दाखवतं. आत्ता फक्त बोल्ट बसवा, रेघ ओढू नका, आणि चाकांवर गाडी उभी राहिली की त्या उंचीला टॉर्क द्या.

इंजिन

हा दिवस दोन माणसांचा. इंजिन आणि गिअरबॉक्स आधी जमिनीवर एकत्र जोडायचे, मग क्रेनने एकत्रच आत घ्यायचे. त्याआधी तीन गोष्टी उरकून घ्या. गिअरबॉक्समध्ये तेल भरा, कारण बोगद्यात, म्हणजे दोन सीटांमधल्या पोकळीत, गेल्यावर त्याच्या भरणीच्या बुचापर्यंत हात पोचणं मुश्कील. क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर बेलहाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाच्या) आत बसतो, तेव्हा त्याची नळी आणि हवा काढायचं टोक बाहेर कुठे येतं ते पाहून घट्ट करा. मागाहून ते गळलं तर इंजिन परत बाहेर. आणि स्टार्टर मोटर, इंजिनाचे माउंट, सेन्सरच्या वायरी कोणत्या बाजूला वळणार याचे फोटो काढा, कारण आत गेल्यावर त्या बाजूला फक्त बोटं जातात, डोळे जात नाहीत.

लेव्हलरने गिअरबॉक्सची शेपटी बरीच खाली झुकवा. शेपटी बोगद्यात शिरत जाईल तसं एकाने क्रेन इंच-इंच पुढे आणि खाली घ्यावी, दुसऱ्याने चॅसीच्या नळ्यांना आणि स्टीअरिंगच्या दांड्याला काही लागत नाही ना ते पाहावं. नळ्यांवर जुनी सतरंजी घाला. अडलं की ढकलू नका, काय अडतंय ते शोधा. बहुतेक वेळा ते वायरचं क्लिप किंवा वाकलेली नळी असते. माउंटचे बोल्ट दोन्ही बाजूंनी अर्धवट लावून मग गिअरबॉक्सचा मागचा माउंट बसवा. तिन्ही जागी बोल्ट सहज सरकले की कसायचं.

रेडिएटर, होज, एक्झॉस्ट हे त्यामानाने सरळ काम. होजचे क्लिप अशा कोनात ठेवा की गाडी पूर्ण झाल्यावर स्क्रू-ड्रायव्हर पोचेल.

मागची बाजू, आणि डिफ

या गाडीतलं सर्वांत कंटाळवाणं काम म्हणजे डिफरन्शियल, थोडक्यात डिफ, बसवणं. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा हा गिअरांचा संच. जड लोखंडी गोळा, चॅसीत तो मावेल एवढीच जागा, आणि तुम्ही पाठीवर आडवे.

पण त्याच्याही आधी प्रॉपशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफकडे ताकद नेणारा दांडा. तो बोगद्यात सरकवून गिअरबॉक्सच्या स्प्लाइनवर (खाचा असलेल्या टोकावर) चढवायचा आणि तिथेच सोडायचा. डिफ एकदा जागेवर गेला की प्रॉपशाफ्टला शिरायला वाट राहत नाही. हँडब्रेकची केबल आणि मागच्या ब्रेकच्या नळ्याही आत्ताच नीट लावून घ्या.

डिफ खालून ट्रॉली जॅकवर ठेवून उचला, मधे लाकडी फळी घाला. लांब बोल्ट आरपार जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना डिफ आणि चॅसी यांच्या मधल्या फटीत वॉशर भरून डिफ चॅसीच्या बरोबर मध्यावर आणायचा असतो. वॉशर बोटाने आत ढकलून जागेवर धरता येत नाहीत, हाच खरा त्रास. जुनी युक्ती अशी की वॉशर थोड्या ग्रीसने एकमेकांना चिकटवून त्यांचा गठ्ठा करा, तो पातळ पट्टीच्या टोकावर धरून फटीत उतरवा, आणि बोल्टऐवजी आधी निमुळत्या टोकाची सळई आरपार घालून भोकं एका रेषेत आणा. सळई मागे घेत घेत बोल्ट पुढे सारायचा. दोन्ही बाजूंचं अंतर कॅलिपरने मोजा. एका बाजूला जास्त वॉशर गेले तर ड्राइव्हशाफ्टचं (डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्याचं) टोक एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ बसतं.

मग द दिऑन नळी. सेव्हनमध्ये मागची दोन चाकं एका हलक्या वाकवलेल्या नळीने जोडलेली असतात, पण डिफ मात्र चॅसीला पक्का. त्यामुळे चाकांबरोबर वरखाली होणारं वजन कमी राहतं आणि दोन्ही टायर जमिनीशी सरळ राहतात. नळी, रेडियस आर्म (नळी पुढेमागे सरकू न देणारे दांडे), ड्राइव्हशाफ्ट, हब, ब्रेक असा क्रम. हबचे मोठे नट कसताना गाडी स्टँडवर असू नये. लांब दांड्यावर माणूस पूर्ण जोर लावतो तेव्हा स्टँड सरकतो. चाकं जमिनीवर, ब्रेकवर कुणी बसलेलं, आणि मगच.

मागचे फायबरग्लासचे वाइंग लावताना भोक पाडायचं असेल तर टेपवर खूण करा आणि ड्रिल आधी उलट फिरवा. वरचा चकचकीत थर खरवडून निघतो, फुटत नाही. मग सरळ फिरवून आरपार. ॲल्युमिनियमला स्टीलचा स्क्रू थेट लागेल तिथे मधे गंजरोधक पेस्ट द्या. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि दोन धातूंच्या सांध्यावर ते पहिलं बसतं.

द्रव आणि पहिली सुरुवात

ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. पेडल कडक झालं तरी रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा दाबून पाहा, आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा पांढरा कागद धरा. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

कूलंट हळू भरा. होज हाताने दाबत राहा, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. सेव्हनचा रेडिएटर इतका खाली असतो की हवा वर कुठेतरी अडकतेच.

इंजिन लगेच पेटवायचं नाही. पेट्रोलचा पंप बंद ठेवा, म्हणजे इनर्शिया स्विचची (धडक बसली की पंप बंद करणाऱ्या) जोडणी तात्पुरती काढा, आणि स्टार्टरने थोडं थोडं फिरवत तेलाचा दाब काट्यावर येईपर्यंत थांबा. स्टार्टरला मधे विश्रांती द्या. ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) असेल तर याला जास्त वेळ लागतो, घाई करू नका. दाब दिसला की पेट्रोल चालू, गाडी गॅरेजच्या दारात, अग्निशामक हाताशी, एक माणूस किल्लीपाशी आणि एक इंजिनापाशी.

नवा एक्झॉस्ट तापला की धूर येतो. कारखान्यातलं तेल जळत असतं, घाबरू नका. पण पेट्रोलचा वास आला तर लगेच बंद. पंखा आपोआप सुरू होईपर्यंत चालू ठेवा आणि त्यादरम्यान कूलंटची पातळी पाहत राहा.

आयव्हीए

ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या गाडीची डीव्हीएसए ही सरकारी संस्था एकेकट्या गाडीची मान्यता-चाचणी घेते. तिला सगळे आयव्हीए म्हणतात. ही चाचणी शेवटी एका आठवड्यात उरकू, असं बरेच जण धरून चालतात. मी म्हणेन, ती पहिल्या विशबोनपासून डोक्यात ठेवा.

सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या कडांवर. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथली बाहेरची प्रत्येक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी. सेव्हनमध्ये पुढचं सस्पेन्शन उघडंच असतं, म्हणजे प्रत्येक नटाचं टोक, हेडलाइटचा ब्रॅकेट, वाइंगची पट्टी, आरशाची दांडी. काही बोल्ट उलट्या दिशेने घातले तर टोक आत जातं आणि टोपी लागतच नाही. हे सस्पेन्शन लावतानाच ठरवलं तर फुकट आहे. नंतर करायचं म्हणजे अर्धं खोला. बाकीच्यांना प्लास्टिकच्या टोप्या आणि पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी.

आवाजासाठी गाडी उभी ठेवून, इंजिन कमाल ताकदीच्या वेगाच्या तीन-चतुर्थांश फेऱ्यांवर नेऊन, एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर मोजतात. मर्यादा ९९ डेसिबल. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. वळणातून बाहेर येताना स्टीअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं. हलक्या गाडीत, रुंद टायरवर, हे होत नाही म्हणून नापास झालेले बरेच आहेत. कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) वाढवला, टायरमधली हवा वाढवली, रॅक आणि बॉल जॉइंट कुठे घासत नाहीत ना पाहिलं की सहसा सुधारतं. मागचा फॉग लाइट, रिव्हर्स लाइट, नंबर प्लेटचा दिवा, रिफ्लेक्टर यांच्या जागा पुस्तिकेप्रमाणेच ठेवा.

त्याआधी कंपनीचीच तपासणी करून घेता येते. तिला पैसे लागतात, पण तिथला माणूस रोज हीच गाडी बघतो. आयव्हीएला गाडी ट्रेलरवर न्या. पास झाल्यावर कागद डीव्हीएलए या वाहन-नोंदणी संस्थेकडे जातात. सगळे भाग नवे असतील, फार तर एखादा नव्यासारखा करून घेतलेला आणि त्याचा पुरावा सोबत, तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. जुने भाग असतील आणि गाडीचं वय सिद्ध होत नसेल तर क्यू अक्षराची प्लेट येते, आणि विकताना ती नडते. पावत्या जपायचं हेच दुसरं कारण.

उंची, वजन, आणि पहिले ५०० मैल

सपाट जमिनीवर गाडी उभी करा, चालवणाऱ्याच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती ठेवा आणि टाकीत अर्धं पेट्रोल. मगच उंची मोजा. पुढची बाजू मागच्यापेक्षा साधारण १५ मिलिमीटर खाली ठेवतात.

चारही चाकांखाली वजनकाटे ठेवता आले तर उत्तम. ते भाड्याने मिळतात, काही कार्यशाळा करूनही देतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी व्हायला हवी. एका कोपऱ्याची स्प्रिंग वर चढवली की त्या चाकावरचं वजन वाढतं आणि तिरक्या समोरच्या चाकावरचंही. उरलेल्या दोन्हींचं घटतं. खाट डुगडुगते तेव्हा एका पायाखाली घडी घालतो, तसंच हे. म्हणून एका कोपऱ्यात मोठा फेर करू नका, चारही ठिकाणी थोडा थोडा करा आणि प्रत्येक वेळी गाडी थोडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या. ५६० किलोच्या गाडीत माणसाचं वजन हा फार मोठा वाटा आहे, हे लक्षात ठेवा. जोडीने फिरणार असाल तर दोघांचं वजन धरून मधला मार्ग काढा.

वजन झालं की टो-इन (चाकांची तोंडं किती आत वळली आहेत ते) दोऱ्याने तपासा आणि ते रबरी बुशचे बोल्ट आता पूर्ण कसा. रेघ ओढायची वेळ ही.

पहिले ५०० मैल पुस्तिकेने सांगितलेल्या फेऱ्यांच्या आत चालवा, पण एकाच वेगाने मोटरवेवर तासन्‌तास नको. पहिल्या ५० मैलांनंतर चाकांचे नट, विशबोन, रेडियस आर्म, डिफचे बोल्ट, स्टीअरिंगचे सांधे पुन्हा तपासा. रेघ सरकलेली दिसली तर नुसता कसून पुढे जाऊ नका, का सरकली ते शोधा. नायलॉनचा नट असेल तर तो टाकून नवा लावा. ५०० मैल झाले की इंजिनाचं तेल आणि फिल्टर बदला, निघालेलं तेल चाळणीतून गाळून धातूचे कण आहेत का पाहा, आणि ट्रॅकवर नेण्याआधी ब्रेक ऑइलही ताजं भरा.